काळोख्या रात्रींचा हिशेब

चंद्र वर असला की ओमेना मासे दिव्याला भुलत नाहीत.
म्हणून म्फांगानो बेटावर आमचे कमाईचे दिवस
अवसेच्या अल्याडपल्याडचे.
या तळ्याला आम्ही नाम लोल्वे म्हणतो,
म्हणजे ज्याला पैलतीर नाही ते पाणी.
रात्री मात्र त्याला तीर फुटायचा,
दिव्यांचा.

मी आठ वर्षांची. माझ्याकडे मोजणी.
आमच्या काठावरून तेवीस होड्या जायच्या,
प्रत्येकीमागे तरंगत्या फळ्यांवर चार कंदील.
ब्याण्णव भरायला हवेत.
एकदाही भरले नाहीत.
कधी अठ्ठ्याऐंशी, कधी एकशे चार,
कारण पाणी कुठे संपतं
नि आभाळ कुठे लागतं
हे त्या काळोखात कुणी सांगावं?

सगळ्यात लख्ख दिवा मी बापाच्या नावावर करायचे.
"तो बघ, आपला."
आई जाळं झटकत म्हणायची,
"तो ओबुयाचा. बॅटरीवरचा.
पार सिगुलूच्या दिशेला आहे तो."
"मग आपला कुठला?"
"खोकला ऐकू येत नाही तुला?"

खरंच. अगदी जवळ, लव्हाळ्याआड कुणी खोकत होतं.
आणि तिथेच एक पिवळट ठिपका,
काच तडकलेला, काजळी धरलेला.
तो तर मी मोजलाच नव्हता.

पण तारे खोकत नाहीत.
मग कसं कळायचं,
कोण जवळ आहे नि कोण नुसताच दांडगा?
अबुतो गुरुजींनी मला उंबराखाली उभं केलं.
"आता खडकापर्यंत चाल. नजर दिव्यांवर ठेव."
चालले.
लांबचे दिवे जागचे हलेनात,
बापाचा कंदील मात्र त्यांच्या पुढून
चोरासारखा सरकत गेला.
"पृथ्वीही अशीच चालते," गुरुजी म्हणाले,
"सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूहून त्या बाजूला.
जो सरकला तो शेजारी."
"किती सरकतो?"
"सिगुलूवर कुणी आपली उशी हातभर हलवावी
आणि तू ती इथून बघावी, इतका.
तोही सगळ्यात सरकणारा."

त्या रात्री मला व्याधाचा जरा रागच आला.
एवढा मिरवतो, तर शेजारी राहतो म्हणून.
खाली दक्षिणेला अगस्त्य,
त्याच्याहून पस्तीस-छत्तीसपट लांब,
तरी तेजात जेमतेम एक पाऊल मागे.
दिवा दुप्पट लांब नेला
तर उजेड निम्मा होत नाही, पाव उरतो.
तिप्पट नेला तर नववा हिस्सा.
मग अगस्त्याच्या घरी काय जळत असेल!
आणि सूर्याखालोखाल जो सगळ्यात जवळचा,
तो तांबडा, बारका,
नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.
त्याला खोकलाही नाही.

पहाटे होड्या वळल्या की आई कमरेइतक्या पाण्यात शिरायची,
डोक्यावर ॲल्युमिनियमची परात.
सूर्य अजून टेकडीमागे,
पण उंचावर उजाडलेलं असायचं
आणि परात अशी चमकायची
की सगळे कंदील फिके.
तिच्यात ना वात, ना रॉकेल.
वर शुक्रही तसाच.
पांढऱ्या ढगांची घासलेली परात,
जवळची, दुसऱ्याच्या उजेडाने भरलेली.
मंगळ कधी मोठा दिसतो, कधी गरीब,
तो आमच्या काठाजवळून गेला की दूरून, त्यावर.

आता सगळ्यांकडेच बॅटऱ्या आहेत.
बापाचा कंदील चुलीमागे टांगलाय, त्यात कोळी राहतो.
मी मोजणी सोडलेली नाही.
लख्ख दिवे चटकन मोजून होतात.
मग डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे,
आणि लव्हाळ्याकडे बघत बसायचं,
जिथे काहीच नाही असं वाटतं.

"झालं का मोजून?" आई अजून विचारते.
"झालं असेल तर ये, जाळ्याचं हे टोक धर."